सेगावच्या पत्त्यावर

सेवाग्रामचं मूळ नाव सेगाव. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी तिथे राहायला आले आणि डाकेचा घोळ सुरू झाला. गजानन महाराजांचं शेगाव रेल्वेमार्गावरचं, सगळ्या मुलखाला ठाऊक असलेलं. त्यामुळे सेगावची पत्रं तिकडे बुलढाणा जिल्ह्यात जाऊन पडायची. शेवटी १९४० मध्ये गावाचं नावच बदललं. आमच्या वर्धा जिल्ह्यात ही हकीकत सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र ती आठवली की त्यामागोमाग एक पत्र आठवतं. २४ फेब्रुवारी १९३९ ही त्यावरची तारीख. म्हणजे नाव अजून बदललेलं नव्हतं. पत्र जेरुसलेमहून लिहिलेलं, लिहिणारे मार्टिन बूबर. दोन दिवसांनी त्याच शहरातून यहुदा माग्नेस यांनीही गांधीजींना असंच लांबलचक पत्र लिहिलं. दोन्ही पत्रं त्याच वर्षी जेरुसलेममध्ये पुस्तिकेच्या रूपात छापली गेली आणि जगभर वाचली गेली. उत्तर मात्र आलं नाही. ती गांधीजींच्या हाती पडलीच नसावीत, असं अभ्यासक मानतात. ती शेगावला गेली असं मी म्हणणार नाही. त्याला काही आधार नाही. पण विसाव्या शतकातल्या ज्यू विचाराचं एक फार मोठं पान आमच्या जिल्ह्याच्या पत्त्यावर लिहिलं गेलं आणि उत्तराविना राहिलं, हे मला स्वस्थ बसू देत नाही.

मी जामला राहते. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावरचा हा चौरस्ता. चंद्रपूरकडे वळणारी वाहनं इथूनच वळतात. आजूबाजूला कापूस, सोयाबीन, तूर. सेवाग्राम इथून तासाभराच्या वाटेवर. शाळेतून निवृत्त झाल्यावर वाचायला सवड मिळाली आणि गांधीजींच्या वाटेने मी ज्यू लेखकांपर्यंत पोचले. आमच्या इथे एखादा ज्यू माणूस भेटून बोलेल अशी सोय नाही. मी बोलले ती पुस्तकांतल्या माणसांशी. मात्र ऐकणारं कुणी हवं असतं, आणि त्याहून जास्त, हटकणारं. ते मला मिळालं काकाजींच्या रूपाने. तरुणपणी ते विनोबांच्या भूदानात पायी हिंडले आहेत. इंग्रजी त्यांना येत नाही. मी वाचायचं, मराठीत सांगायचं आणि त्यांनी अडवायचं, असा आमचा क्रम ठरला.

बूबर यांच्या पत्रातल्या वादाचं मूळ गांधीजींच्या लेखात आहे. ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ ला जर्मनीत ज्यूंची सभास्थानं जाळली गेली, दुकानं फोडली गेली आणि सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत नेलं गेलं. ज्यूंच्या प्रश्नावर गांधीजींकडे विचारणा होतच होती. २० नोव्हेंबरला सेगावात बसून त्यांनी लेख लिहिला. तो २६ च्या ‘हरिजन’मध्ये आला. ज्यूंविषयी त्यांना मनापासून कळवळा होता. दक्षिण आफ्रिकेत हेन्री पोलाक, सोन्या श्लेसिन, हर्मन कॅलनबाख ही ज्यू माणसं त्यांची जिवाभावाची होती. टॉलस्टॉय फार्मची अकराशे एकर जमीन कॅलनबाख यांनीच दिलेली. लेखात त्यांनी ज्यूंना ख्रिस्ती जगातले अस्पृश्य म्हटलं. मानवतेसाठी एखादं युद्ध न्याय्य ठरणार असेल तर ते जर्मनीविरुद्धचं ठरेल, इथपर्यंत ते गेले, आणि मग माझा कोणत्याच युद्धावर विश्वास नाही असं सांगून थांबले. जर्मनीतल्या ज्यूंना त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग सुचवला. देश सोडू नका, अपमान सोसू नका, मरण आलं तर आनंदाने पत्करा. आणि पॅलेस्टाईन अरबांचं आहे. तिथे वसायचं तर ब्रिटिशांच्या बंदुकीच्या आडोशाने नको, अरबांच्या राजीखुशीने वसा.

अस्पृश्यांची तुलना त्यांना कुठून सुचली हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. सेगावच्या वस्तीत मोठा भाग दलित घरांचा होता, गांधीजी त्यांच्यामध्ये राहात होते. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये सर्वांना खुलं केलं होतं, त्याला दहा वर्षं होत होती. त्यांनी डोळ्यांपुढचं दुःख उचललं आणि दूरच्या दुःखाला लावून पाहिलं. ती तुलना अर्धी खरी आहे. वेशीबाहेर ठेवलेलं माणूस दोन्हीकडे आहे. पण गावाला वेशीबाहेरच्या माणसाचे कष्ट हवे असतात. ते बंद झाले तर गाव अडतं. दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या मळेवाल्यांना आणि खाणवाल्यांना मजूर हवे होते, इंग्रजांना कर देणारी आणि कारकुनी करणारी प्रजा हवी होती. सत्याग्रहाची सगळी ताकद या गरजेत असते. ज्याला तुम्ही नकोच आहात, ज्याला तुमचं नसणंच हवं आहे, त्याच्याशी असहकार कसा करायचा? मला गांधीजींच्या लेखात हा प्रश्न सापडत नाही. मी गांधीजींना मानते. वर्ध्याच्या मातीत वाढलेलं माणूस न मानून करील काय. तरीही १९३८ च्या नोव्हेंबरात त्या मातीच्या कुटीतून बर्लिन नीट दिसलं नाही, असंच मला वाटतं.

हे मी काकाजींना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

“बापूचं चुकलं म्हणता काय जी तुमी, बाई?”

मी म्हटलं, “मी नाही काकाजी, आधी बूबर म्हणाले.”

बूबर कोण ते सांगणं भाग होतं. १८७८ मध्ये व्हिएन्नात जन्म, आजोबांकडे वाढले. आजोबा जुन्या हिब्रू भाष्यग्रंथांचे नामांकित अभ्यासक. हसिदी या भक्तिपंथाच्या साधूंच्या कथा बूबर यांनी जर्मनमध्ये आणल्या. १९२३ मध्ये त्यांचं ‘इश उंट डू’, म्हणजे ‘मी आणि तू’, हे छोटं पुस्तक आलं. माणूस समोरच्याला वस्तू मानून वापरू शकतो किंवा समोरचा कुणीतरी आहे असं मानून त्याच्यापुढे उभा राहू शकतो. हे दुसरं उभं राहणं जिथे घडतं तिथेच देवाची गाठ पडते, असं त्यात मांडलं आहे. देवाविषयी बोलता येत नाही, देवाशी बोलता येतं. काकाजींना हे समजावण्याची गरजच पडली नाही. नामदेव विठ्ठलावर रुसतो, जनाई त्याला कामाला लावते, तुकोबा त्याच्याशी हमरीतुमरीवर येतो, हे ऐकतच ते मोठे झालेले.

त्यांचा प्रश्न वेगळा होता. या लोकांचा देव तर कडक शासन करणारा ना? त्याच्या शब्दापुढे कुणी बोलू शकतं काय? तेव्हा मी त्यांना तालमूद या ज्यू धर्मग्रंथातली भट्टीची गोष्ट सांगितली. एक मातीची भट्टी शुद्ध की अशुद्ध यावर पंडितांचा वाद लागला. रब्बी एलिएझर एकीकडे, बाकी सगळे दुसरीकडे. एलिएझर यांच्या बाजूने झाड जागचं हललं, पाटाचं पाणी उलटं वाहिलं, विद्यालयाच्या भिंती कलल्या, शेवटी आकाशवाणी झाली की एलिएझर यांचंच बरोबर आहे. त्यावर रब्बी यहोशुआ उठले आणि त्यांनी आकाशवाणीलाच गप्प केलं: धर्मशास्त्र आता स्वर्गात राहिलेलं नाही, ते माणसांना दिलेलं आहे, आणि माणसं ते बहुमताने ठरवतील. पुढे कुणीतरी संदेष्टा एलियाहूला विचारतं, तेव्हा देव काय करत होता? देव हसत होता, मुलांनी मला हरवलं म्हणत होता.

काकाजी खूश झाले. मला मात्र त्या गोष्टीचा उत्तरार्ध सोडवत नाही. बहुमतवाल्यांनी एलिएझर यांना बहिष्कृत केलं, आणि त्यांच्या दुःखाने जग होरपळलं, असं तोच ग्रंथ सांगतो. वाद जिंकणाऱ्यांनीच हे लिहून ठेवलं आहे. हिलेल आणि शम्माय या दोन परंपरांचे मतभेद तालमूदमध्ये पानोपानी आहेत. निर्णय बहुधा हिलेलकडे लागतो, पण शम्मायचं म्हणणं पुसून टाकलेलं नाही. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, यज्ञ थांबले, पुरोहितांचं काम संपलं. योहानान बेन झकाय यांनी याव्ने गावी विद्यालय उभं केलं आणि धर्म वेदीवरून बाकावर आला. तेव्हापासून दोघा-दोघांनी समोरासमोर बसून, एकमेकांना खोडून काढत ग्रंथ वाचणं हीच त्यांची उपासना झाली. विरोधकाचं मत जपून ठेवणारा धर्म, हे माझ्या लेखी ज्यूंचं जगाला सर्वांत मोठं देणं आहे.

बूबर यांचं पत्र या परंपरेतलं आहे म्हणून ते वाचवत नाही आणि सोडवतही नाही. १९३८ च्या मार्चपर्यंत ते जर्मनीतच होते, शाळा-विद्यापीठांतून हाकललेल्या ज्यूंना शिकवत होते. गांधीजींबद्दल त्यांना आदर होता, पूर्वी त्यांनी त्यांच्यावर लिहिलंही होतं. पत्रात ते सांगतात की हे लिहिताना ते पुनःपुन्हा थांबले. आपल्या लोकांच्या प्रेमापोटी आपण न्यायाची मर्यादा तर ओलांडत नाही ना, हे तपासत राहिले. मग ते विचारतात: महात्माजी, छळछावणी म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे का? तिथे काय चालतं, हळूहळू आणि झटपट मारण्याच्या कोणकोणत्या रीती आहेत? दक्षिण आफ्रिकेत दीड लाख हिंदी होते, त्यांच्या पाठीशी कोट्यवधींचा भारत होता. ज्यूंच्या पाठीशी कोणती भूमी आहे? आणि हौतात्म्याला साक्षीदार लागतो. जिथे मेलेल्याचं नावही बाहेर पडत नाही तिथे मरणाने कुणाचं मन पालटणार?

कॅलनबाख त्याच सुमारास पुन्हा भारतात आले होते. आपल्यासोबत राहणारा एक ज्यू मित्र बुद्धीने अहिंसा मानतो पण हिटलरसाठी प्रार्थना करणं त्याला जमत नाही, असं गांधीजींनी त्या फेब्रुवारीत ‘हरिजन’मध्ये लिहिलं, आणि त्याच्या रागाला दोष दिला नाही. म्हणजे बूबर यांचं पत्र पोचलं नसेल, पण त्यातलं दुःख गांधीजींच्या समोर बसून जेवत होतं. न्यूयॉर्कच्या एका ज्यू मासिकातली टीका त्यांच्या हाती आली तेव्हा त्यांनी मे १९३९ मध्ये उत्तरही लिहिलं, मात्र मत बदललं नाही. २३ जुलैला त्यांनी वर्ध्याच्या पत्त्यावरून हिटलरला युद्ध टाळण्याची विनंती करणारं छोटंसं पत्र लिहिलं. सरकारने ते जाऊ दिलं नाही. एकाच वर्षात या एका पत्त्यावरून आणि पत्त्याकडे किती पत्रं हरवावीत!

या सगळ्या वादात एक साक्ष कुणी काढली नाही. ती मराठी बोलते.

बेने इस्रायल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांची आठवण अशी की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. ते रायगडच्या गावांत तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. गावांवरून आडनावं पडली: केहीमकर, रोहेकर, दिवेकर, पेणकर, राजपूरकर. ग्रंथ बुडाले, भाषा गेली. शनिवार, सुंता, माशाचे नियम आणि ‘शमा’ ही प्रार्थना उरली. मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास ते बिरडं खाऊन सोडत आणि त्याला बिरड्याचा रोजा म्हणत. एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे, खोबरं, साखर आणि फळांचा मलिदा करतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. आमच्या समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांनी व्यापाऱ्याचा माल दगड करून टाकला म्हणतात, ते सुपारी-जायफळासारखे दगड लोक आजही उचलून बघतात. श्रद्धेला खडकावर सही लागते, ती कोकणातही आणि इथेही.

या लोकांचा इतिहास हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केला. मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढणारे ते हेच. हस्तलिखित चाळीस वर्षं पडून राहिलं. ते १९३७ मध्ये तेल अवीवला छापलं ते इमॅन्युएल ओल्सवांगर यांनी. आणि हे ओल्सवांगर १९३६ मध्ये भारतात आले होते ते गांधीजींचं मन ज्यूंच्या बाजूला वळवायला. संस्कृत जाणणारा माणूस, पुढे त्यांनी गीता हिब्रूत नेली. गांधीजी वळले नाहीत. पण त्या फेरीमुळे केहीमकर वाचले. मला हा त्या मोहिमेचा खरा लाभ वाटतो.

केहीमकरांच्या पिढीचं काम पाहिलं की मन भरून येतं. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणले. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्यातल्या चित्रात लुगडं नेसलेल्या बायका खाली बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. १८८० पासून मुंबईत कीर्तनं सुरू झाली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं साकी-दिंडीत. फारोच्या गुलामगिरीतून सुटण्याची कथा आपल्या वृत्तांत गायली गेली, आणि ती गाणाऱ्यांना गावात कुणी ज्यू म्हणून छळलेलं नव्हतं. बूबर विचारत होते की ज्यूंना सुखाने राहू देणारी भूमी कोणती. निदान एक होती. निसीम इझिकेल यांनी ही भूमी आपली म्हणून तिथेच राहायचं ठरवलं. इंग्रजीत कविता लिहिली, पण वृंदा नाबर यांच्यासोबत इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या. एस्तेर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ रेचल’मध्ये दांड्याची म्हातारी एकटी मागे राहिली आहे आणि गावचं सभास्थान बिल्डरच्या हातून वाचवते आहे, प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एक पाककृती. मी ते काकाजींच्या घरात वाचून दाखवलं तेव्हा काकींनी पाककृतीच आधी सांगा म्हणून हट्ट धरला.

ती म्हातारी एकटी उरली, कारण बेने इस्रायलांपैकी बहुतेक सगळे इस्रायलला गेले. स्वातंत्र्याच्या वेळी वीसेक हजार असतील, आज देशभरात सगळे ज्यू मिळून पाच हजारांच्या आत. छळाने गेले नाहीत, ओढीने गेले, आणि तिथे त्यांना विचारलं गेलं की तुम्ही खरे ज्यू कशावरून? १९६० नंतर लग्नाच्या वेळी वंशावळी तपासायचे हुकूम निघाले. कोकणातून आलेली ही शांत माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. १९६४ मध्ये धर्मपीठाला त्या हुकुमातलं त्यांचं नाव काढावं लागलं. धरणं हा शब्द ऐकून काकाजी सरसावून बसले.

“मंग सत्याग्रहच केला ना त्याइनं!”

केला, आणि जिंकलाही. कारण तिथल्या राज्याला ते हवे होते.

आता उरला पॅलेस्टाईनच्या जमिनीचा भाग, आमच्या दोघांचा अजून न मिटलेला वाद. बूबर गांधीजींना लिहितात की या भूमीवर दोन हक्क आहेत, वेगवेगळ्या जातीचे, आणि त्यांतला कोणता खरा हे तराजूने ठरणार नाही. दोघांना एकत्र राहण्याची रीत शोधावी लागेल. जिंकलेली जमीनसुद्धा जिंकणाऱ्याला उसनी मिळालेली असते. तो तिचं काय करतो हे देव पाहात असतो. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात याचं मूळ आहे: जमीन देवाची, तुम्ही तिच्यावरचे पाहुणे, म्हणून ती कायमची विकता येत नाही, पन्नासाव्या वर्षी ती मूळ घराण्याकडे परत जाते आणि गुलाम सुटतो. पवनारहून हैदराबादच्या दिशेने निघालेल्या विनोबांनी १९५१ मध्ये पोचमपल्लीत जे मागितलं ते यापेक्षा फार दूरचं नव्हतं. काकाजींनी तो अध्याय माझ्याकडून पुन्हा वाचून घेतला. मग म्हणाले, “हे समदं खरं. पण ज्याच्याकडे जमीन होती त्याले इचारलं काय? आमी तर दाराशी जाऊन मागत होतो. देणाऱ्यानं दिली तरच घेत होतो.”

मी त्यांना इतिहास सांगितला. बूबर आणि माग्नेस दोघंही अरब-ज्यूंच्या सामाईक राज्यासाठी झटले. १९४२ मध्ये त्यासाठी ‘इहुद’ नावाचा गट काढला. त्यांच्याच लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. माग्नेस १९४८ च्या ऑक्टोबरात वारले. बूबर राहिले, इस्रायलचे नागरिक झाले आणि अरब नागरिकांवरच्या लष्करी अमलाविरुद्ध बोलत राहिले. १९६२ मध्ये नाझी अधिकारी आइकमनला फाशी झाली तेव्हा ती देऊ नका म्हणून पंतप्रधान बेन-गुरियन यांना विनवणारे हेच बूबर. नथुराम आणि आपटेची फाशी टळावी म्हणून गांधीजींच्या मणिलाल आणि रामदास या मुलांनी असंच विनवलं होतं. कुणाचंच ऐकलं गेलं नाही.

काकाजींना हे पटतं, आणि पुरत नाही. त्यांचं म्हणणं, फाशीला नकार देणाऱ्या माणसाने जमिनीच्या बाबतीत बापूंचंच ऐकायला हवं होतं: आधी राजीखुशी, मग घर. माझं म्हणणं, १९३९ मध्ये हॅम्बुर्गच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या बाईला कुणाच्या राजीखुशीची वाट बघत थांबा असं मी सांगू शकत नाही. तिला दार उघडणारा देश जगात जवळजवळ उरला नव्हता. त्यावर काकाजी म्हणतात, मग ते दार अरबांनीच काहून उघडायचं, अमेरिकेने का नाही? याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि बूबर यांच्या पत्रातही ते सापडलेलं नाही. माग्नेस यांचं पत्र आम्ही अजून नीट वाचलेलं नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत राहून युद्धाला विरोध केलेला हा माणूस, हिटलरपुढे आपली अहिंसा टिकत नाही म्हणून गांधीजींनाच प्रश्न विचारतो. पावसाळ्यात काकाजींचं शेत निंदून झालं की ते वाचायला घ्यायचं ठरलं आहे.